वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटाचा पट्टा : कधी बांधावा, कधी सोडावा

शेवंती

माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया (वजन कमी होण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून ते लहान करतात ती) होऊन आज ४३ दिवस झाले. शस्त्रक्रियेपूर्वी माझे वजन ११८ किलो होते, उंची ५ फूट २ इंच, जोडीला मधुमेह आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास. आहार, प्रथिने आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या यांविषयी मला रुग्णालयातून भरपूर माहिती मिळाली. पोटाच्या पट्ट्याविषयी मात्र कुणीही नीट सांगितले नाही. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या यादीखाली ‘पट्टा वापरावा’ एवढीच ओळ होती. किती घट्ट, दिवसातून किती वेळ, झोपताना ठेवायचा की काढायचा, किती दिवस वापरायचा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर नव्हते, आणि विचारायला हवे हे मलाही त्या गडबडीत सुचले नाही. त्यामुळे पहिल्या दहा दिवसांत माझ्या ज्या चुका झाल्या त्या इथे सविस्तर लिहीत आहे. ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी डिस्चार्ज घेण्यापूर्वीच हे प्रश्न आपल्या सर्जनना विचारून घ्यावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

माझी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. पोटावर एकूण पाच छेद आहेत. त्यांतले चार अगदी लहान आहेत, पण ज्या छेदातून जठराचा कापलेला भाग बाहेर काढतात तो थोडा मोठा असतो आणि दुखतो तो प्रामुख्याने तोच. पलंगावरून उठताना, खोकताना आणि शिंकताना त्या जागी आतून कुणीतरी चिमटा काढून ओढल्यासारखे वाटायचे. पट्टा बांधून उठले की ती ओढ निम्म्याने कमी व्हायची, हे मी प्रामाणिकपणे सांगते. दुसऱ्या दिवशी मला रुग्णालयाच्या व्हरांड्यात चालवले, तेव्हा पट्ट्यामुळे पोट लोंबकळत नव्हते आणि टाके ओढले जातील ही भीती कमी झाली होती. त्या दिवशी मी व्हरांड्याच्या चार फेऱ्या मारू शकले त्याचे श्रेय मी त्या पट्ट्याला देते.

अडचण घरी आल्यावर सुरू झाली. माझ्या सासूबाईंची तीन बाळंतपणे झाली आणि प्रत्येक वेळी जुन्या सुती लुगड्याने त्यांचे पोट बांधले होते. पोट घट्ट बांधले नाही तर त्यात वारा शिरतो आणि ते सुटते, ही त्यांची अनुभवाने पक्की झालेली समजूत आहे. सहाव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मोठ्या मायेने माझा पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि वेल्क्रो आधीपेक्षा चार बोटे पुढे ओढून चिकटवला. त्यानंतर मी नेहमीप्रमाणे औषधाच्या छोट्या पेल्यातून पातळ ताक घ्यायला बसले. पेला ३० मिलिलिटरचा, आणि तो मी दहा-पंधरा मिनिटे घोट घोट करून संपवत असे. त्या दिवशी दुसऱ्या पेल्यालाच घशाशी आंबट आले, छातीच्या मध्यभागी आवळल्यासारखे झाले आणि पुरता श्वास घेता येईना. मला वाटले, जठराची शिवण उसवली.

रुग्णालयाने दिलेल्या रात्रीच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या सिस्टरांनी सगळ्यांत आधी विचारले, “पट्टा बांधलेला आहे का?” तो सोडायला सांगितला, पाठीशी उश्या देऊन अर्धवट बसायला सांगितले आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला लावली. नाडी १०४ होती. वीस मिनिटांनी पुन्हा मोजली तेव्हा ८८ झाली, जळजळ ओसरली आणि श्वासही मोकळा झाला. नाडी १२० च्या वर जाऊन तिथेच राहिली, ताप आला, पोटातले दुखणे वाढत गेले किंवा डावा खांदा दुखू लागला, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालयात या, असे त्यांनी बजावले. त्या रात्रीपासून खाण्यापिण्याच्या वेळी मी एकदाही पट्टा बांधला नाही.

दुसरी चूक मापाची. रुग्णालयासमोरच्या मेडिकलमध्ये जो सर्वांत मोठा पट्टा होता तो आम्ही घेतला. माझ्या पोटाचा घेर ५२ इंच होता आणि तो पट्टा तेवढ्या घेराचा नव्हता, ताणूनच बसवावा लागायचा. बसले की त्याची वरची कड दुमडून बरगड्यांखाली रुतायची आणि खालची कड पोटाच्या घडीत शिरायची. नवव्या दिवशी त्या घडीत लालभडक चट्टा उठला, खाज आणि आग होऊ लागली. घामाने बुरशीचा संसर्ग झाला होता. डॉक्टरांनी लावायला मलम दिले, जागा कोरडी ठेवायला सांगितली, आणि नंतर सर्जिकलच्या दुकानातून आम्ही मोठ्या मापाचा पट्टा मागवून घेतला. त्याच्या आत सुती बनियन घालू लागल्यावर तो त्रास थांबला.

आता पट्टा पूर्ण सुटला आहे. परंतु माझ्यासारखी अनिश्चितता इतरांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून आपापले अनुभव आणि डॉक्टरांनी दिलेल्या सूचना इथे लिहाव्यात.

कृष्णाकाठ

शेवंतीताई, आपण हे इतके तपशिलाने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मी गेली चौदा वर्षे फिजिओथेरपीच्या क्षेत्रात आहे आणि पोटाच्या शस्त्रक्रियांनंतरचे रुग्ण रोज पाहते. तुमच्या बाबतीत त्या संध्याकाळी नेमके काय झाले असावे ते थोडे उलगडून सांगते.

पोटाच्या पोकळीत एक ठरावीक दाब असतो. साधारण प्रौढ माणसात तो ५ ते ७ मिलिमीटर पारा असतो. ज्यांचे वजन फार वाढलेले आहे त्यांच्यात तो मुळातच ९ ते १४ पर्यंत असतो. म्हणजे वजनाच्या शस्त्रक्रियेला येणारा रुग्ण हा दाब आधीच वाढलेला घेऊन येतो. त्यावर बाहेरून पट्टा आवळला की दाब आणखी वाढतो. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरवलेली असते. पूर्वीचे जठर पिशवीसारखे ताणले जाऊन आलेला घोट सामावून घ्यायचे, ही नळी तसे करू शकत नाही. तिच्यावर बाहेरून दाब आला की आतले पाणी वरच्या दिशेने, अन्ननलिकेत ढकलले जाते. स्लीव्हनंतर छातीत जळजळ होण्याचे प्रमाण एरवीही बरेच असते, त्यात घट्ट पट्ट्याची भर पडली की तुम्हाला जे झाले तेच होणार. सिस्टरांनी पट्ट्याचा प्रश्न पहिला विचारला यावरून त्या किती अनुभवी आहेत हे दिसते.

पट्टा नेमका कशासाठी, हे एकदा स्पष्ट झाले की बाकीच्या प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात. पट्टा जखम भरून आणत नाही. तो हालचालीला आधार देतो. लटकणाऱ्या पोटाचे वजन तो उचलून धरतो, त्यामुळे उठताना, चालताना आणि खोकताना छेदाच्या जागी ओढ कमी बसते आणि रुग्ण निर्धास्तपणे चालू लागतो. कॅनडात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पट्टा बांधणारे रुग्ण चालण्याच्या क्षमतेत लवकर सावरले असे दिसले. मात्र त्या रुग्णांचे पोट मोठा छेद घेऊन उघडलेले होते. दुर्बिणीच्या लहान छेदांनंतर पट्ट्याची गरज प्रत्येकाला असतेच असे नाही, आणि म्हणूनच काही सर्जन तो देतात व काही देत नाहीत. तुमच्या सर्जननी पट्टा दिला नसेल तर त्यांचे काहीतरी राहून गेले असे समजू नका आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाकडे पाहून स्वतः विकत आणू नका.

मी माझ्या रुग्णांना बांधण्याची पद्धत अशी शिकवते. पाठीवर आडवे पडावे, गुडघे किंचित दुमडावे, पट्टा कमरेखाली सरकवून घ्यावा. खालची कड कमरेच्या हाडांच्या उंचवट्यावर यायला हवी. तशी आली नाही आणि पट्टा वर सरकला, तर तो बरगड्यांवर आवळतो आणि खालचे पोट मोकळेच राहते. मग सहज श्वास सोडून झाल्यावर वेल्क्रो चिकटवावा. पोट आत ओढून धरून मुळीच चिकटवू नये, कारण पोट पुन्हा सैल सोडताच पट्टा आवळतो. बांधून झाल्यावर पट्टा आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. त्यानंतर एक खोल श्वास घेऊन पाहावा. बरगड्या बाजूंना फुलत नसतील तर पट्टा घट्ट आहे, तो सोडून पुन्हा बांधावा.

श्वासाचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. भूल दिल्यानंतर आणि दुखण्याच्या भीतीने रुग्ण वरवर श्वास घेतात, त्यामुळे फुप्फुसांचा खालचा भाग नीट उघडत नाही, तिथे कफ साठतो आणि ताप येऊ शकतो. तीन चेंडूंचे जे यंत्र रुग्णालयात देतात ते याचसाठी असते. जागेपणी दर तासाला सात-आठ ते दहा वेळा त्यातून श्वास आत ओढावा आणि त्या वेळी पट्टा सैल करावा. खोकला आला तर छातीशी उशी धरतात तशी ती पोटाशी घट्ट धरून खोकावे. उशीचा आधार खोकण्यापुरताच असतो, खोकला झाला की तो निघून जातो. त्यामुळे अनेकदा पट्ट्यापेक्षा उशीच बरी पडते.

आणि पलंगावरून उठताना सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, दोन्ही पाय पलंगाबाहेर सोडावे आणि कोपरावर व तळहातावर जोर देऊन धड उचलावे. ही सवय लागली की पट्ट्याची निम्मी गरज संपते, असे मी चौदा वर्षांच्या अनुभवाने म्हणते.

उंबरठा

माझ्या आईची पाचच दिवसांपूर्वी पुण्यात बायपास शस्त्रक्रिया झाली, म्हणजे हृदयाची नव्हे, वजन कमी करण्यासाठी जठर लहान करून अन्नाची वाट आतड्यात पुढे वळवतात ती, आणि तीही दुर्बिणीतूनच. वय ५९. काल तिला आम्ही साताऱ्याला घरी आणले. तिला पट्टा दिलेला आहे आणि ती तो दिवसरात्र बांधून ठेवते, झोपेतही काढू देत नाही, कारण पट्टा सोडला की आतले सगळे खाली येईल अशी तिला धास्ती आहे. काल गाडीतही तो बांधलेलाच होता. खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत तिला दोनदा मळमळले आणि शेवटी गाडी थांबवून मी पट्टा सैल केला.

दुसरा प्रश्न असा की रक्त गोठू नये म्हणून तिला पोटावर जी इंजेक्शने देत आहोत त्या जागी निळसर डाग पडले आहेत आणि पट्ट्याची कड नेमकी तिथेच घासते. हे डाग चिंतेचे आहेत का? रात्री पट्टा काढावा यासाठी तिची समजूत कशी घालावी?

कृष्णाकाठ

उंबरठा, प्रवासात पट्ट्याचा तसा उपयोग नसतो. माणूस बसला की पोट पुढे दुमडते, पट्टा वर सरकतो आणि सगळा दाब जठरावर येतो. पुढच्या तपासणीला जाताना पट्टा सोडून ठेवा, गाडीचा सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये एक मऊ उशी ठेवा आणि तासाभराने गाडी थांबवून त्यांना पाच मिनिटे चालवा. पायांतल्या रक्तवाहिन्यांत गुठळी होऊ नये यासाठी हे चालणे फार गरजेचे आहे. घट्ट पट्ट्याने पोटातला दाब वाढला की पायांकडून हृदयाकडे परतणारे रक्तही मंदावते, म्हणून तासन्‌तास एका जागी बसून पट्टा आवळून ठेवणे विशेष टाळावे.

इंजेक्शनच्या जागी लहान निळे डाग पडणे हे त्या औषधाने नेहमीच होते. इंजेक्शन दिल्यावर जागा चोळू नये आणि दररोज जागा बदलावी. डाग वाढत चालला, टणक गाठ झाली किंवा टाक्यांतून रक्त पाझरू लागले तर रुग्णालयात कळवा. औषध स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

आईंना हे सांगून पाहा : पोटातले अवयव जागच्या जागी राहतात ते आतल्या पडद्यांमुळे आणि पोटाच्या स्नायूंमुळे, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत त्या भिंतीला चार-पाच लहान छिद्रे पडतात, बाकी भिंत शाबूत असते, आणि मोठ्या छिद्राला बहुधा आतून टाकाही घातलेला असतो. आडवे पडल्यावर पोटाचे वजन खाली ओढले जातच नाही, त्यामुळे त्या वेळी पट्ट्याला काही कामच नसते. रात्री उठायचे झाले तर पट्टा उशाशी ठेवावा आणि उठण्यापूर्वी आडवे असतानाच बांधावा. सर्जननी चोवीस तास बांधायला सांगितले असेल, उदाहरणार्थ सोबत हर्नियाचीही दुरुस्ती केली असेल, तर मात्र त्यांचाच शब्द प्रमाण मानावा.

शेवंती

उंबरठा, माझ्याही मनात हीच धास्ती होती, त्यामुळे तुमच्या आईंचे म्हणणे मला अगदी आतून कळते. मला एका गोष्टीचा उपयोग झाला. पहिल्या रात्री पट्टा पूर्ण न काढता मी फक्त वेल्क्रो सोडला आणि त्याची दोन्ही टोके तशीच अंगाखाली राहू दिली. काही झाले तर लगेच ओढून घेता येईल एवढा दिलासा पुरला आणि झोप लागली. तिसऱ्या रात्री तो खुर्चीवर ठेवून झोपले. तुमच्या आईंना एकदम काढायला लावू नका, आधी सैल करायची सवय होऊ द्या.

पारिजातक

माझा अनुभव थोडा वेगळा असल्यामुळे लिहिते. माझे पूर्वी सिझेरियन झाले होते आणि त्या जागी हर्निया होता. वजनाची शस्त्रक्रिया दुर्बिणीने सुरू झाली, परंतु आत चिकटलेली आतडी सोडवताना सर्जनना पोट उघडावे लागले. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत सलग छेद आहे. मला पट्टा सहा आठवडे दिवसभर बांधायला सांगितला होता आणि जेवणाच्या वेळी सैल करायची परवानगी होती. माझ्यासाठी तो पट्टा म्हणजे खरोखरच आधार होता. त्याच्याशिवाय पहिले तीन आठवडे मी न्हाणीघरापर्यंतही गेले नसते.

पण एक गोष्ट मला फार उशिरा समजली. पट्टा बांधला की दुखत नाही, दुखत नाही म्हणून आपण बरे झालो असे वाटते, आणि तसे वाटले की हात नको त्या कामाला जातो. चौथ्या आठवड्यात मी पाण्याने भरलेली बादली उचलली. पंधरा-सोळा लिटर पाणी म्हणजे तेवढेच किलो वजन, आणि मला चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचे नाही असे स्पष्ट सांगितलेले होते. त्या रात्री छेदाच्या खालच्या टोकाशी एक फुगवटा आला. सुदैवाने तपासणीत हर्निया निघाला नाही, पाणी साचले होते आणि ते सुईने काढले. पट्टा बांधून जड उचलले तर चालते, असा समज ज्यांचा असेल त्यांनी तो कृपया मनातून काढून टाकावा. खाली बसून फरशी पुसणे, हंडा-कळशी उचलणे, गादी ओढणे, नातवंडांना कडेवर घेणे, ही सगळी कामे पट्टा असो वा नसो, तेवढे दिवस दुसऱ्याने करायची.

घरातल्या माणसांनीही हे समजून घ्यायला हवे. पट्टा बांधून हिंडणारी बाई घरात दिसली की ती कामाला लागली असेच सर्वांना वाटते.

दूरचा दिवा

सर्वांचे लेखन वाचून धीर आला. माझी शस्त्रक्रिया होऊन चार महिने झाले, ३१ किलो वजन उतरले आहे. आता पोटाची कातडी सैल पडू लागली आहे आणि चालताना ती हलते. मी पट्टा अजूनही दिवसाचे दहा-बारा तास बांधतो, कारण त्याने कातडी पुन्हा घट्ट होईल आणि पोट आत जाईल असे मला एका परिचितांनी सांगितले. हे खरे आहे का?

कृष्णाकाठ

दूरचा दिवा, पट्ट्याने कातडी आक्रसत नाही आणि चरबीही उतरत नाही. अनेक वर्षे ताणलेल्या कातडीतले लवचिक तंतू तुटलेले असतात, ते बाहेरून दाबल्याने जुळत नाहीत. कातडी किती सावरेल हे वय, ती किती वर्षे ताणलेली होती आणि किती वजन उतरले यांवर अवलंबून असते. चालताना ती हलून काचत असेल तर फिरायला जाताना अंगाबरोबर बसणारी, उंच कमरेची विजार वापरा. त्याने घडीतले घर्षण कमी होते.

चार महिन्यांनंतर दहा-बारा तास पट्टा बांधण्याबद्दल मला मात्र काळजी वाटते. पोटाचे स्नायू जे काम करायला हवेत ते बाहेरून पट्टा करू लागला की स्नायू आळसावतात आणि त्याचा भार कमरेवर येतो. तुम्हाला पाठदुखी सुरू झाली आहे का, हे जरूर तपासा. आपल्या सर्जनची परवानगी घेऊन आठवड्याला दोन-दोन तास कमी करत पट्टा सोडा आणि त्याच वेळी एक सोपा व्यायाम सुरू करा. पाठीवर पडून गुडघे दुमडायचे, श्वास सोडताना बेंबी हळूच आत घ्यायची, पाच अंक मोजायचे आणि सोडायचे. श्वास रोखायचा नाही. दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे इतके लहान वाटते की रुग्ण ते करतच नाहीत, पण पुढचे सगळे व्यायाम यावरच उभे राहतात.

दूरचा दिवा

कमर दोन महिन्यांपासून दुखते आहे. तिचा आणि पट्ट्याचा संबंध असेल असे मनातही आले नव्हते. उद्याच डॉक्टरांची वेळ घेतो.

सोनचाफा

सैल कातडीचा विषय निघाला म्हणून लिहिते. वजन स्थिर झाल्यावर, म्हणजे बायपासनंतर पावणेदोन वर्षांनी, मी पोटाची जादा कातडी काढण्याची शस्त्रक्रिया केली. त्यानंतर जो दाबाचा पट्टा असतो त्याचा हेतू अगदी निराळा असतो, आणि दोन्हींची गल्लत होऊ नये. तिथे कातडी आतल्या थरापासून मोठ्या भागात सुटी केलेली असते, मधल्या पोकळीत पाणी साचू शकते, म्हणून दोन थर एकमेकांना चिकटून राहावेत यासाठी पट्टा सलग बांधायचा असतो. मला तो सहा आठवडे, अंघोळीचा वेळ सोडून सतत, अगदी झोपेतही बांधायला सांगितला होता. साचणारे पाणी बाहेर डबीत उतरावे म्हणून दोन्ही बाजूंना नळ्या होत्या. पट्टा त्यांच्यावरून बांधताना नळी पिळली जात नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहावे लागे. एकदा ती दुमडली गेली आणि डबीत सकाळपर्यंत काहीच उतरले नाही, तेव्हा ते लक्षात आले.

माझ्या मावशीने माझे पाहून, स्वतःच्या स्लीव्हनंतर आठवडाभर पट्टा रात्रंदिवस तसाच आवळून ठेवला. तिला मी वेळीच सांगायला हवे होते, याची रुखरुख मला अजून आहे. कुणाचा पट्टा पाहून आपला बांधायचा नाही. शस्त्रक्रिया कोणती झाली ते आधी विचारायचे.

आणखी एक, पट्टे दोन असावेत. एक धुवून वाळत घालता येतो. धुताना वेल्क्रो बंद करून कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवावा, पिळू नये, सावलीत वाळवावा. वेल्क्रोत धागे आणि केस अडकले की तो धरत नाही. जुन्या दात घासायच्या ब्रशने ते निघतात. पावसाळ्यात पट्टा आतून ओलसर राहतो, तो तसाच बांधला की शेवंतीताईंसारखा चट्टा उठायला वेळ लागत नाही.

उंबरठा

आज अकरावा दिवस. या धाग्याचा आम्हाला जो उपयोग झाला तो सांगणे माझे कर्तव्य आहे.

आईने तिसऱ्या रात्रीपासून पट्टा काढून झोपायला सुरुवात केली, शेवंतीताईंनी सांगितले तसेच, आधी सैल करून. परंतु परवापासून ती दिवसा तो रोजच्यापेक्षा घट्ट बांधू लागली. वेल्क्रोवर मी पेनाने एक खूण केली होती, त्याच्या दोन बोटे पुढे तो चिकटलेला मला दिसला. विचारले तर म्हणाली, “उजवीकडे जरा ठणकतंय, आवळलं की बरं वाटतं.” मला धाग्यातले पट्ट्याने दुखणे झाकले जाण्याबद्दलचे वाक्य आठवले. तिला आडवे करून पट्टा सोडला, पट्टी काढून पाहिली, तर उजवीकडच्या मोठ्या छेदाभोवती रुपयाएवढा भाग लाल, गरम आणि टणक झाला होता आणि दाबल्यावर पिवळसर पाणी आले. नाडी ९२ होती आणि अंग कोमट लागत होते.

रुग्णालयात फोटो पाठवून फोन केला आणि त्यांच्या सांगण्यावरून त्याच दुपारी पुण्याला नेले. संसर्ग वरच्या थरातच होता. एक टाका सोडून जखम साफ केली, प्रतिजैविके दिली, आणि जखम कोरडी होईपर्यंत त्या जागेवर पट्टा बांधायचा नाही असे सांगितले. मला तिथल्या डॉक्टरांनी एक वाक्य सांगितले ते इथे नोंदवतो : शस्त्रक्रियेनंतर दुखणे दिवसागणिक उतरले पाहिजे, ते चढू लागले आणि पट्टा अधिक आवळावासा वाटू लागला, तर पट्टा सोडून पोट पाहायचे.

पारिजातक

उंबरठा, वेल्क्रोवर पेनाने खूण करण्याची तुमची युक्ती फारच चांगली आहे. माझ्या वेळी ही सुचली असती तर किती बरे झाले असते. सूज उतरत जाते तसा पट्टा दर दोन-तीन दिवसांनी थोडा पुढे चिकटवावा लागतो, पण तो सैल झाला म्हणून पुढे घेणे आणि दुखते म्हणून पुढे घेणे यांतला फरक त्या खुणेवरून कळू शकेल. खुणेशेजारी तारीखही लिहावी असे सुचवते.

शेवंती

तारखेची सूचना आवडली. माझी जाऊ पुढच्या महिन्यात स्लीव्हसाठी दाखल होणार आहे. तिच्या पोटाचा घेर आम्ही काल आडवे झोपवून मोजला, ४९ इंच भरला, आणि त्या मापाचा नऊ इंच रुंदीचा पट्टा आतापासूनच मागवून ठेवला आहे. सर्जनना विचारायचे प्रश्न तिने वहीत लिहून घेतले आहेत : पट्टा लागणार आहे का, लागणार असेल तर दिवसात कोणत्या वेळी, कधीपर्यंत, आणि रात्री अडचण आली तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. सासूबाईंनी धाग्यातला दाबाविषयीचा भाग माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. या वेळी पट्टा मी बांधणार नाही, तुम्ही मला दोन बोटे घालून दाखवा, असे त्या आपणहून म्हणाल्या आहेत.

उंबरठा, आईंची जखम कोरडी झाली की कळवा.

उंबरठा

नक्की कळवतो. आत्ता ती ओसरीवर खुर्चीत बसून वरणाचे पाणी घेते आहे. पट्टा आत पलंगावर आहे.